भंगारवाल्याने न मोडलेली रेल्वे

रेल्वेचे जुने सामान घेणारा व्यापारी सौद्याला बसतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे इंजिन नसते, वजन असते. लोखंड किती टन, पितळ किती, तांबे किती, गॅस-कटरची मजुरी काय, ट्रकभाडे काय आणि भट्टीवाला काय भाव देणार, एवढाच हिशेब. यात गैर काही नाही. हा धंदा असाच चालतो आणि असाच चालला पाहिजे. पण अमेरिकेत एका भंगार व्यापाऱ्याने १९५६ साली सुमारे ५३ किलोमीटरची एक अख्खी रेल्वे विकत घेतली, रूळ, इंजिने, वाघिणी, वर्कशॉप, सारे काही, आणि ती मोडलीच नाही. त्याच्या घराण्याने ती ६४ वर्षे सांभाळली. आज तिची गणना अमेरिकेतील सर्वांत अस्सल स्वरूपात उरलेल्या नॅरोगेज रेल्वेंमध्ये होते.

ही हकीकत व्यापाराच्या पानावर सांगण्याचे कारण आहे. मूर्तिजापूर, अचलपूर, यवतमाळ, कुर्डुवाडी, बार्शी ही आपल्याकडील गावे नॅरोगेज गाडीच्या आधारावर वाढली. ती गाडी कुठे बंद पडली, कुठे तिची जागा ब्रॉडगेजने घेतली. मागे जे उरले आहे त्याचे काय करायचे, हा प्रश्न इतिहासाच्या प्राध्यापकांवर सोडून चालणार नाही. तो मालकीचा, भांडवलाचा आणि देखभालीचा प्रश्न आहे, म्हणजेच अडत्यांचा, कारखानदारांचा आणि होय, भंगारवाल्यांचाही आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील या रेल्वेचे नाव ईस्ट ब्रॉड टॉप. कंपनीची सनद १८५६ ची, पण प्रत्यक्ष बांधकाम १८७२ मध्ये सुरू झाले आणि १८७४ मध्ये गाडी डोंगरातील रॉबर्ट्सडेल या खाणगावापर्यंत पोहोचली. रुळांतील अंतर फक्त तीन फूट. काम एकच, डोंगरातील कोळसा खाली माउंट युनियनला आणायचा आणि तिथे पेनसिल्व्हेनिया रेलरोड या मोठ्या कंपनीच्या हवाली करायचा. मधोमध रॉकहिल फर्नेस येथे लोखंडाच्या भट्ट्या होत्या, त्यावरूनच गावाला नाव पडले. भट्ट्या पुढे थंडावल्या, पण माउंट युनियनला भट्ट्यांसाठी लागणाऱ्या उष्णतारोधक विटांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांचा दगडही हीच गाडी वाहू लागली. थोडक्यात, गाडी, खाण आणि गाव या तिघांचे पोट एकमेकांवर अवलंबून होते.

लहान रुळांच्या गाडीला सर्वत्र एकच दुखणे असते. ज्या ठिकाणी ती मोठ्या रुळांना भेटते, तिथे माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो. मूर्तिजापूरला यवतमाळकडून आलेल्या कापसाच्या बाबतीत हेच होत असे आणि कुर्डुवाडीला बार्शीच्या मालाचेही तेच. हमालीचा हा दुहेरी खर्च शेवटी शेतकऱ्याच्या किंवा अडत्याच्या माथी येतो. माउंट युनियनच्या लोकांनी त्यावर १९३० च्या दशकात मोठी गमतीची तोड काढली. तिथे लाकडाचे ओंडके चढवण्यासाठी एक उंच क्रेन होती. तिने मोठ्या रुळांवरील भरलेली वाघीणच उचलायची, तिच्याखालची मोठी चाके बाजूला सारायची आणि तिथे लहान रुळांची चाके बसवून तीच वाघीण डोंगराकडे रवाना करायची. माल जागचा हलत नसे. अशी युक्ती एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात नव्हे, तर माल पोहोचवण्याची जबाबदारी अंगावर असलेल्या माणसालाच सुचते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाचा बाजार बसला. घरे तेलावर आणि गॅसवर गरम होऊ लागली, रेल्वे कंपन्यांनी डिझेल इंजिने घेतली. एप्रिल १९५६ मध्ये ईस्ट ब्रॉड टॉपवरील कोळशाची वाहतूक थांबली आणि मालमत्ता विक्रीस निघाली. घेणाऱ्याचे नाव निक कोवालचिक. इंडियाना नावाच्या गावातील (हे गाव पेनसिल्व्हेनियातच आहे) कोवालचिक सॅल्व्हेज कंपनीचा हा मालक. बंद पडलेल्या खाणी, कारखाने आणि रेल्वेमार्ग घ्यायचे, मोडायचे आणि विकायचे हाच त्याचा धंदा.

त्याने नेमके काय सोडून दिले हे कळण्यासाठी थोडा हिशेब करू. केवळ उदाहरणादाखल, दर यार्डाला ६० पौंड वजनाचा रूळ धरू या. एका मैलात दोन्ही बाजूंचे रूळ मिळून सुमारे ९६ टन लोखंड भरते. ३३ मैलांचे ३,००० टनांच्या वर गेले. यात यार्डातील रूळ नाहीत, वाघिणी नाहीत, बाल्डविन कंपनीने १९११ ते १९२० या काळात बांधून दिलेली सहा मोठी इंजिने नाहीत, पूल नाहीत. भट्टीवाल्यासाठी हा तयार माल होता. त्या काळी अमेरिकेत अशा कितीतरी रेल्वे याच रीतीने कापल्या गेल्या.

कोवालचिकने घाई केली नाही. या सौद्यात खाणींची मालमत्ताही होती. कोळशाला पुन्हा भाव आला तर गाडी लागेल, असा व्यवहारी विचार त्यामागे होता असे मानायला जागा आहे. रेल्वेविषयीचे प्रेमही होते. दोन्हींचे प्रमाण किती, हे आता कोण सांगणार! व्यापाऱ्याच्या मनात हिशेब आणि जिव्हाळा वेगवेगळ्या खात्यांवर नसतात.

चार वर्षे गाडी जागेवर उभी राहिली. १९६० मध्ये रॉकहिलच्या शेजारच्या ऑर्बिसोनिया गावाचा द्विशताब्दी सोहळा होता. आजही या दोन्ही गावांची वस्ती मिळून हजाराच्या आत आहे. सोहळ्याच्या स्थानिक समितीने कोवालचिककडे एक साधी मागणी केली. एखादे इंजिन पुसूनपासून लोकांना पाहण्यासाठी उभे करा, एवढेच. त्याने इंजिनात वाफ धरली, काही मैल रूळ दुरुस्त केले आणि ऑगस्ट १९६० मध्ये प्रवाशांना बसवून गाडी सोडली. सोहळा संपला, पण गाडी पुढे पन्नास वर्षे दर हंगामात धावत राहिली. १९६४ मध्ये अमेरिकन सरकारने या रेल्वेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. त्याच १९६० च्या सुमारास रॉकहिललाच तिच्या एका जुन्या फाट्यावर हौशी मंडळींनी ट्रामगाड्यांचे संग्रहालयही सुरू केले. पाहुणा एका तिकिटासाठी आला तर दोन पाहून जातो, हे दुकानदारांच्या आळीला समजावून सांगायला नको.

या ठिकाणचे खरे धन माझ्या मते गाडी नाही, वर्कशॉप आहे. रॉकहिलचे वर्कशॉप कामगार ज्या दिवशी घरी गेले त्या दिवशी जसे होते, जवळजवळ तसेच राहिले. छतालगत लांबच लांब लोखंडी शाफ्ट, त्यावर पुल्या, पुल्यांवरून खाली उतरणारे पट्टे आणि त्या पट्ट्यांवर चालणारी लेथ, ड्रिल व रंधा-यंत्रे. सर्वांना मिळून मूळची एकच वाफेची शक्ती. मालेगाव किंवा भिवंडीतील ज्या यंत्रमागवाल्यांनी एका शाफ्टवर ओळीने माग चालताना पाहिले असतील, त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. या रेल्वेने आपल्या पोलादी कोळसा-वाघिणी याच वर्कशॉपात बांधल्या. १९२७ ची पेट्रोलवर वीज तयार करून चालणारी डब्याची गाडीही इथेच जुळवली गेली. म्हणजे हे गाव फक्त गाडी थांबण्याचे ठिकाण नव्हते, माल घडवणारे गाव होते. इंजिन कुठेही नेऊन संग्रहालयात उभे करता येते. असे वर्कशॉप मात्र एकदा विखुरले की पुन्हा जुळत नाही.

येथवर वाचून कोणाला वाटेल की एक उदार मालक भेटला की काम झाले. तसे नाही आणि या लेखाचा मुद्दाच तो आहे.

निक कोवालचिक १९७७ मध्ये वारला. पुढे मुलगा जोसेफ याने सांभाळ केला. पण घराण्याची इच्छा ही संस्था नव्हे. गाडी वर्षातील काही महिने, काही मैलच धावे. उरलेल्या तीस-एक मैलांवर झाडे उगवली, बोगद्यांत पाणी, गावागावांतील शेड व स्टेशने वाकू लागली. तिकिटाच्या उत्पन्नातून कोळसा, पगार आणि किरकोळ दुरुस्ती निघते, बॉयलर निघत नाही. अमेरिकेच्या रेल्वे नियमांनुसार वाफेच्या इंजिनाचे १,४७२ सेवादिवस किंवा १५ वर्षे, जे आधी पुरे होईल तेव्हा, बॉयलर पूर्ण उघडून तपासावा लागतो. नळ्या काढायच्या, पत्र्याची जाडी मोजायची, कमजोर भाग बदलायचा. हे काम एका इंजिनावर प्रचंड खर्चाचे आणि काही वर्षांचे असते. २००९ मध्ये एका जतन-संस्थेने गाडी भाड्याने चालवायला घेतली, पण खरेदीपर्यंत गोष्ट गेली नाही. २०११ च्या हंगामानंतर गाडी थांबली ती थांबलीच.

इथे स्थानिक इतिहास-मंडळाचे महत्त्व कळते. या रेल्वेच्या चाहत्यांनी १९८३ मध्ये 'फ्रेंड्स ऑफ द ईस्ट ब्रॉड टॉप' नावाचे मंडळ स्थापन केले होते. मंडळाकडे गाडी नव्हती, रूळ नव्हता, चालवण्याचा परवाना नव्हता. त्यांनी कामाला सुरुवात कुठे केली? जिथे पर्यटकांची गाडी येत होती त्या रॉकहिलला घरोबा करण्याऐवजी, १९५६ नंतर जिथे एकही गाडी आली नव्हती त्या रॉबर्ट्सडेलला. डोंगरातील हे खाणकामगारांचे गाव. तिथले जुने स्टेशन आणि जुने पोस्ट ऑफिस मंडळाने हाती घेतले, डागडुजी केली आणि छोटेसे संग्रहालय उघडले. छायाचित्रे, नकाशे, कंपनीची कागदपत्रे, कामगारांच्या आठवणी गोळा केल्या. आपले नियतकालिक काढले. सुट्टीच्या दिवशी हातोडा-रंग घेऊन सभासद यायचे आणि मालकाच्या परवानगीने रॉकहिलच्या इमारतींना टेकू द्यायचे, डबे दुरुस्त करायचे.

हे काम दिसायला किरकोळ आहे. वर्तमानपत्रात फोटो छापून येईल असे त्यात काही नाही. पण २०११ नंतर गाडी बंद असताना छपरे कोसळली नाहीत, कागद विखुरले नाहीत, कोणती वस्तू कोणती आणि कुठली हे सांगणारी माणसे जिवंत व एकत्र राहिली, याचे श्रेय अशा किरकोळ कामालाच द्यावे लागेल. फेब्रुवारी २०२० मध्ये रेल्वेउद्योगातील काही अनुभवी व धनिक मंडळींनी एक ना-नफा प्रतिष्ठान स्थापून कोवालचिक घराण्याकडून बहुतांश मार्ग, वर्कशॉप आणि इंजिने विकत घेतली. घेणाऱ्यांत नॉरफोक सदर्न व पुढे ॲमट्रॅक या कंपन्यांचे प्रमुखपद भूषवलेले विक मूरमन यांच्यासारखे लोक होते. त्यांना सुरुवात शून्यापासून करावी लागली नाही. यादी तयार होती, जाणकार तयार होते, राबणारे हात तयार होते. २०२३ मध्ये १६ क्रमांकाचे इंजिन पुन्हा आपल्या वाफेवर चालले. हे इंजिन १९५६ पासून थंड पडून होते.

भांडवलदाराने मंडळाची जागा घेतली असे नव्हे आणि मंडळाने भांडवलदाराची जागा घेतली असेही नव्हे. दोघांची कामे वेगळी. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने कागद, यादी आणि छप्पर सांभाळावे, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने मालकी आणि बॉयलर सांभाळावा. आणि दोघांच्या आधी कोणीतरी कटर थांबवलेला असावा लागतो!

आता आपल्याकडे पाहू

विदर्भातील शकुंतला गाडीची हकीकत मालकीच्या बाबतीत ईस्ट ब्रॉड टॉपपेक्षाही विचित्र आहे. १९१० मध्ये किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. अडीच फुटी रुळांवर यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर आणि वर्ध्याकडे पुलगाव ते आर्वी ३५ किलोमीटर असा तिचा विस्तार. हेतू उघड होता. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या रुळांवर चढवायचा, मुंबईला न्यायचा आणि तिथून जहाजाने मँचेस्टरकडे. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी सरकारी रेल्वे चालवी आणि कंपनीला मोबदला देई. एकाची मालमत्ता, दुसऱ्याचा संसार, अशा घराचे छप्पर कोण शाकारणार? १९९४ पर्यंत इथे १९२१ चे मँचेस्टरचे वाफेचे इंजिन धावत होते. मग डिझेल आले आणि गेल्या दशकात एकेका भागावरील गाडी थांबत गेली.

या भागातील लोकांची मागणी ब्रॉडगेजची आहे आणि ती रास्त आहे. यवतमाळच्या आजाऱ्याला नागपूर-मुंबईच्या इस्पितळात जायचे असते. त्याला 'वारसा' दाखवून उपयोग नाही. जतनाच्या नावाखाली रुंदीकरणाला अडथळा करणारा माणूस जतनाचाच शत्रू समजावा. बार्शी लाइटचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी गाडी सुरू केली. इंजिन असो की वाघीण, कोणत्याही चाकजोडीवर पाच टनांहून अधिक भार नको, हे त्याचे सूत्र. त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवर भरपूर माल वाहता आला. जगभरच्या नॅरोगेज बांधणाऱ्यांनी हा धडा अभ्यासला आणि कॅलथ्रॉपने स्वतः तो पुढे इंग्लंडमध्ये १९०४ च्या लीक-मॅनिफोल्ड गाडीसाठी वापरला. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील प्रयोग इंग्लंडला गेला, उलट नव्हे. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला निजामाच्या राज्यातील लातूर, १९२७ ला मिरज असा मार्ग वाढला आणि १९५४ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत तो टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला, उस्मानाबादला (आताचे धाराशिव) वळसा देऊन. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती याच कुर्डुवाडीच्या वाटेने. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी होते. अडीच फुटी रूळ राहिले असते तर ती गाडी कशी गेली असती?

तेव्हा प्रवासाची मागणी आणि जतनाची मागणी वेगळ्या ठेवाव्यात. माथेरानचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते, पण त्याने फसू नये. सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या व्यापाऱ्याचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ही दोन फुटी डोंगरगाडी बांधली. आपल्या व्यापारी समाजाने अभिमान बाळगावा असेच हे काम आहे. पण माथेरानला पहिल्या दिवसापासून हवा खायला जाणारा पाहुणा होता. गाडी हेच तिथे आकर्षण नव्हते, डोंगर होता. मूर्तिजापूर किंवा दारव्ह्याला असा डोंगर नाही. तिथे वाफेची गाडी फिरवून गाव श्रीमंत होईल असे जो सांगेल त्याच्याकडे आधी बॉयलरचा खर्च कोण करणार ते विचारावे. वर्षानुवर्षे राबलेल्या रॉबर्ट्सडेलच्या मंडळानेही गाडीपासून सुरुवात केली नव्हती.

मग आपल्या गावांनी करायचे काय? माझ्या मते आधी कागद. या गाड्यांचा खरा इतिहास रेल्वेच्या दप्तरात जेवढा आहे, त्याहून जास्त जिनिंग-प्रेसिंगवाल्यांच्या आणि अडत्यांच्या माळ्यावर आहे. रुईच्या गाठींच्या बिल्ट्या, सरकीच्या वॅगनची मागणीपत्रे, रोजकीर्दीत दर महिन्याला पडलेली रेल्वेभाड्याची रक्कम, माल रस्त्यात भिजल्याचे नुकसानीचे अर्ज. आजोबांच्या पेढीच्या वह्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला किलोने जातात. कोणत्या साली कोणता माल कुठे गेला, ट्रकने गाडीचा धंदा नेमका कधी आणि का नेला, हे त्या वह्यांतूनच कळणार. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. वही घरातच ठेवा, पानांचे फोटो मंडळाला द्या. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, निधी लागत नाही.

दुसरे, माणसे. वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून कोळसा टाकलेली, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात चाके खरादलेली, मूर्तिजापूरला गाठी खांद्यावरून उतरवलेली पिढी थकली आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरांत एक तरी रेल्वेवाला निघतो, फिटर, खलाशी, ड्रायव्हर, गार्ड. त्यांना गावाच्या सभेत शाल-श्रीफळ देऊन मोकळे होण्याऐवजी तासभर बसवून बोलते करावे आणि ते ध्वनिमुद्रित करावे. सांधा कसा बदलत, टोकन कसे घेत, पावसाळ्यात कोणत्या पुलावर गाडी थांबवत, हे कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही.

तिसरी गोष्ट भंगाराच्या धंद्यातील आपल्या वाचकांसाठी. रेल्वेचा निकामी माल आता ई-लिलावाने विकला जातो. लॉट घेणाऱ्याला बऱ्याचदा माल उचलल्यावरच त्यात काय आहे ते कळते. पितळी हातकंदील, तिकिटावर तारीख उठवणारे दाब-यंत्र, स्टेशनची लोखंडी पाटी, बिडाचा वजनकाटा, टोकनचे यंत्र, वर्कशॉपातील पितळी नंबर-पाट्या. या वस्तूंचे वजन लॉटमध्ये किती? मोजदादीतही येणार नाही. त्या कापण्याआधी गावच्या मंडळाला एक फोन करावा आणि भट्टीच्या भावाने किंवा थोडा वर भाव लावून त्या त्यांना विकाव्यात. फुकट द्या असे कोणी म्हणत नाही. व्यापाऱ्याकडून धर्मादायाची अपेक्षा करून उभी राहिलेली संस्था दोन वर्षांत बसते. कोवालचिकनेही दान दिले नाही. त्याने तोडणे लांबणीवर टाकले. तेवढे पुरेसे होते.

चौथी बाब कायद्याची आणि ती कंटाळवाणी असली तरी टाळता येत नाही. गावातील आठ-दहा व्यापारी, एखादा निवृत्त रेल्वे कर्मचारी, शाळेचे शिक्षक आणि एक वकील मिळून संस्था नोंदणी कायद्याखाली मंडळ नोंदवू शकतात. महाराष्ट्रात त्याची विश्वस्त संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. हिशेब तपासनीस नेमावा. बँकेत खाते दोघांच्या सहीने चालावे. हे पहिल्या दिवशी झाले नाही तर पहिल्या वस्तूवरूनच भांडण होते, 'कंदील कोणाच्या घरी?' म्हणून. शकुंतलेच्या मार्गावर तर स्टेशनची खोली मागायची तर कोणाकडे, कंपनीकडे की रेल्वेकडे, हाच पहिला पेच आहे. तो नोंदणीकृत संस्थेलाच पत्राने विचारता येईल, चहाच्या टपरीवर जमलेल्या हितचिंतकांना नाही.

जागेचा प्रश्न आल्यावर मोठी इमारत मागू नये. एक खोली मागावी, पार्सल ऑफिस चालेल, गेटमनची चौकी चालेल. भाडे ठरवून, मुदतीचा करार करून घ्यावी, आणि करारात छप्पर गळले तर दुरुस्ती कोणाची हे लिहून घ्यावे. आपल्याकडील बहुतेक संग्रह चोरीने जात नाहीत, गळक्या छपराने आणि वाळवीने जातात.

यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गाचे रुंदीकरण जेव्हा होईल तेव्हा कंत्राटदार येईल, जुना रूळ उखडला जाईल, स्टेशनच्या दारे-खिडक्यांपासून सर्वांचे लॉट पडतील. ती तारीख जाहीर झाल्यावर मंडळ स्थापन करण्यात अर्थ नाही, कारण कंत्राटाची मुदत आणि दंड ठरलेले असतात आणि कंत्राटदार थांबू शकत नाही. आज रुळांवर गवत आहे, घाई कोणालाच नाही आणि माळ्यावरच्या वह्या अजून जागेवर आहेत. मूर्तिजापूरच्या कापूस बाजारातील चार-पाच पेढ्यांनी या हंगामाच्या आधी आपापली जुनी खतावणी खाली उतरवली, तर मंडळाच्या पहिल्या बैठकीपुढे ठेवायला काहीतरी असेल.